हिरवी रेघ

शालन बुगडच्या तोंडाला लागू नये हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सरकारला. म्हणून तर सरकारनं तिला प्रशिक्षणाला बोलावलं. इचलकरंजीत यंत्रमागावर राबणाऱ्यांच्या पोरांची अभ्यासिका ती कितीतरी वर्षं चालवत होती. शाळा सुटली की पोरं तिच्याकडं यायची, आईबापांची पाळी संपेपर्यंत तिथंच असायची. पाढे म्हणायची, भांडायची, मुमताजनं केलेला उपमा खायची आणि घरी जायची. आणि आता पुण्याहून कुणी पोरगी येऊन शालनला शिकवणार होती, की मुलांशी कसं बोलावं!

"माझे केस काय उन्हानं पांढरे झालेत?" ती मुमताजवर खेकसली.

"माझ्यावर कशाला ओरडतेस? मी केलाय का कायदा?" मुमताज म्हणाली. मुमताज शेख तिची मदतनीस, आणि शालनला उलट बोलू शकणारी गल्लीतली एकमेव बाई. "गप चल. नाही गेलीस तर परवाना जाईल, आणि मग बस घरात माश्या मारत."

कायदा खरंच तसा होता. शाळेनंतर दुसऱ्याची मुलं सांभाळणाऱ्या प्रत्येकानं कंठपट्टीचं प्रशिक्षण घ्यायचं, पास व्हायचं, तरच अभ्यासिका चालवायची. मधल्या काळात असल्या वर्गांमधून नको ते प्रकार घडले होते. वरून साखर पेरणाऱ्या माणसांनी आत पोरांचे हाल केले होते आणि आईबापांना पत्ता लागला नव्हता. गोड बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे हे ओळखायचं कसं, या एका प्रश्नावर मोठमोठी डोकी बसली होती, आणि त्यातून ही पट्टी निघाली होती.

शिकवायला आलेल्या मॅडमचं नाव ऋजुता. उंच, सडपातळ, बोलणं मोजूनमापून. समोर सभागृहात तालुक्यातल्या सगळ्या अभ्यासिकांच्या ताया बसल्या होत्या. या धंद्यात बाई कितीही म्हातारी होवो, ती ताईच असते.

ऋजुतानं चिकटपट्टीएवढी एक पारदर्शक पट्टी स्वतःच्या गळ्यावर लावून दाखवली. "ही तुमचे शब्द ऐकत नाही," ती म्हणाली. "शब्द साठवायला कायद्यानंच बंदी आहे. ही फक्त घशातले स्नायू बघते. आपल्या स्वरयंत्राला हलवणारी जी नस आहे ना, ती एका मोठ्या नसेची फांदी आहे. तीच मोठी नस पुढे हृदयाकडे, पोटाकडे जाते. समोर कोण आहे हे मेंदूनं ओळखलं की शब्द जुळायच्या आधीच ही नस घसा सैल सोडते किंवा आवळते. आपलं माणूस असेल तर सैल. नकोसं माणूस असेल तर आवळलेला. हे पापणी लवण्याच्याही आधी होतं, त्यामुळे लपवता येत नाही. आवाज गोड करता येतो, घसा नाही."

मुलांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरून समोर कोणतं मूल आहे ते पट्टीला कळायचं. प्रत्येक मुलाच्या नावाची एक रेघ निघायची. घसा सैल असेल तर हिरवी, आवळला तर तांबडी, अधलामधला असेल तर पिवळी.

सगळ्या तायांनी आठवडाभर पट्ट्या लावून आपापले वर्ग घेतले, आणि मग पुन्हा त्याच सभागृहात निकाल लागला. शालनचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या रांगेतून खसखस पिकली. शालनच्या तोंडाचा पट्टा कुणी ऐकला नव्हता? 'मुडद्या, तोंडात बोळा कोंबलाय का, मोठ्यानं म्हण!' 'भवाने, पुन्हा नऊ सक्कं बावन्न?' रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा ऐकू यायचं. आता ही लालभडक होणार, या आनंदात बायका सरसावून बसल्या.

पडद्यावर रेघा उमटल्या. हिरव्यागार. एकीखाली एक, लावणीच्या भातासारख्या.

"बुगडताई," ऋजुताचा चेहरा खुलला, "मुलांशी काय बोलता हो तुम्ही?"

"शिव्या देते," शालन ताठ मानेनं म्हणाली. सभागृह हसलं. हसणाऱ्यांकडं तिनं असं बघितलं, की दोघीतिघींचं हसू जागच्या जागी वाळलं. "मशीनला अक्कल आहे म्हणायची. आम्ही ज्याला मेल्या म्हणतो ना मॅडम, त्याच्यावर आमचा जीव असतो. परक्याला कोण मेल्या म्हणतंय?"

"अगदी बरोबर," ऋजुता म्हणाली. आणि मग तिनं पडद्यावरचं चित्र थोडं वर सरकवलं.

तळाला एक रेघ होती. तांबडी. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मध्ये कुठं पिवळेपणासुद्धा नाही.

"ही एकच मुलगी," ऋजुतानं नाव वाचलं. "प्रांजल. हिच्यावर तुम्ही खूप रागावता का?"

शालन काही बोलायच्या आत मुमताज बोलून गेली. बिचारीला वाटलं, आपण मैत्रिणीची बाजू घेतोय. "हिच्यावर? अहो मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय. हिला तर ती कधी एक शिवी देत नाही. प्रांजल बाळा, पाणी हवंय का, प्रांजल राजा, दमलीस का. सगळ्यात गोड ती हिच्याशीच बोलते!"

कुणी हसलं नाही. ऋजुता पडद्याकडं बघत राहिली. मग ओळखपत्रावरचं पूर्ण नाव तिच्या नजरेला पडलं असावं, कारण तिनं हळूच विचारलं, "प्रांजल बुगड. तुमच्या नात्यातली आहे का?"

"वर्गातली आहे," शालन म्हणाली आणि खाली बसली.

मुमताजनं जीभ चावली. प्रांजल शालनची सख्खी नात होती, हे तिला आणि गल्लीला माहीत होतं. पण शालननं पहिल्याच दिवशी पोरीला सांगितलं होतं, इथं मी सगळ्यांची ताई आहे, इथं ताई म्हणायचं. पोरगी शहाणी. तिनं वर्गात म्हटलं आणि वर्गाबाहेरही ताईच म्हटलं. सख्खी नात आजीला ताई म्हणते आणि आजीला त्यात वावगं वाटत नाही, असं सगळं चाललं होतं.

आता यामागचं सांगायला हवं. शालननं ते कुणाला सांगितलं नव्हतं, मुमताजलाही नाही.

शालनला एकच लेक, सुहास. त्यानं मनाविरुद्ध लग्न केलं, पूनमला घेऊन वेगळा राहिला. मायलेकांचं बोलणं बंद झालं. प्रांजल तीन वर्षांची झाली त्या वाढदिवसाला तो बायकापोरीला घेऊन आपल्या पायांनी आईच्या दारात आला. शालननं पुरणपोळी केली. लेक ताटावर बसला. दोन घास खाल्ले न खाल्ले, तोच पोरीनं भोकाड पसरलं. तिला केक हवा होता, कुत्र्याच्या तोंडाचा केक, आत्ताच्या आत्ता. पूनम समजावत होती, शालन पुरणाचा गोळा पुढं करत होती, पोरगी ऐकेना. सुहास हसत उठला. "आई, ताट झाकून ठेव, आलोच," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. चौकात मालट्रक होता.

आपल्याकडं वैऱ्यालासुद्धा भरल्या ताटावरून उठवत नाहीत. भिकाऱ्याशीही त्याचं जेवण झाल्यावरच माणूस बोलतो. आणि शालनचा एकुलता एक लेक इतक्या दिवसांनी आईच्या हातचं खायला बसला, तो उष्ट्या हातानं उठला. तीन वर्षांच्या पोरीचा त्यात काय दोष? काडीचाही नाही. शालनला हे कळत नव्हतं असं समजू नका, तिला ते चांगलं कळत होतं. म्हणून तर ती पोरीशी साखर घोळून बोलायची. पुढं पूनम कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली, जवळपास दुसरी अभ्यासिका नव्हती, तेव्हा तिनं पोरीला शालनकडं आणून घातलं. नातीला दारातून परत पाठवलं असं लोकांनी म्हणू नये, म्हणून शालननं ठेवून घेतली. पण रोज पोरगी उंबऱ्यातून आत आली की तिच्या डोळ्यांपुढं ते झाकलेलं ताट यायचं.

दुसऱ्या दिवशी ऋजुता अभ्यासिकेत आली. पोरं अजून यायची होती.

"प्रांजल तुमची नात आहे, हे कळलंय मला. मी कुणाला काही सांगणार नाही," ती म्हणाली. "पण या रेघेसकट परवाना देता येत नाही. एकाही मुलाची रेघ तांबडी चालत नाही, असा नियम आहे."

"मग बंद करा माझी अभ्यासिका. बाकीच्या पोरांना पोत्यात घालून तुमच्या पुण्याला न्या."

"बंद करायला नाही आले मी, शिकवायला आले." ऋजुताचाही आवाज चढला. "नातीशी असं वागताना तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"कसं वागते? मारते? उपाशी ठेवते? बोट लावलं नाही कधी तिला!"

"तेच. बाकीच्यांच्या पाठीत तुम्ही दिवसातून दहा धपाटे घालता, अख्खी गल्ली सांगते. हिला बोट लावत नाही."

शालननं केरसुणी उचलली आणि झाडलेलीच खोली पुन्हा झाडायला घेतली.

प्रशिक्षणाची रीत सोपी होती. घसा आवळायला लागला की पट्टी गळ्यावर बारीकशी गुणगुणत थरथरायची. ती थरथरली की थांबायचं, पोट सैल सोडून श्वास घ्यायचा, खांदे पाडायचे, मग बोलायचं. सायकल शिकताना तोल जसा अंगात मुरतो, तसं हे हळूहळू अंगात मुरतं, असं ऋजुता म्हणायची. आणि एक गोष्ट तिनं सांगितली, ती शालनला तेव्हा नीट उमगली नाही. "ही वाट दोन्हीकडून चालते, ताई. मन आवळलं की घसा आवळतो. तसा घसा रोज सैल सोडला, की मनही सैल पडायला लागतं. आठवण जात नाही. तिचा डंख जातो."

शालन हट्टी बाई. पोरांसाठी का होईना, करायचं म्हटल्यावर तिनं केलं. प्रांजल समोर आली की पट्टी थरथरायची, शालन थांबायची, श्वास घ्यायची. पोरगी निमूट वाट बघायची. मग शालन विचारायची, "गणित झालं का, बाळा?" सुरुवातीला काही फरक पडला नाही. मग एके दिवशी रेघेत मध्येच पिवळा ठिपका आला. मग ठिपक्याचा पट्टा झाला. ऋजुता खूश, मुमताज खूश. मुमताजनं त्या दिवशी उपम्यात काजू घातले.

आणि मग ती गोष्ट घडली.

शालनची एक सवय होती. संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना ती ते ताट मनात वाढायची. डावीकडं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडं बटाट्याची भाजी, कटाची आमटी. मधोमध पुरणपोळी, वर तुपाची धार, आणि पोळीचा मोडलेला कोपरा, जिथून त्यानं दोन घास घेतले. सहा वर्षं तिनं असं रोज ताट वाढलं होतं. त्या संध्याकाळी ती कोशिंबिरीपाशी अडली. काकडीची होती, की गाजराची? तिनं डोळे घट्ट मिटले. काकडीची? आठवेना. पुढं गेली, तर आमटीचा वासही येईना. नुसतं एक ताट, कुणाचंही असावं तसं.

मग जो संताप आला म्हणता! तिनं गळ्यावरची पट्टी ओरबाडून काढली, तशीच चप्पल अडकवली आणि ऋजुता उतरली होती त्या विश्रामगृहावर गेली.

"घ्या तुमची पट्टी," तिनं ती टेबलावर आपटली. "माझा लेक पुसायला निघालात होय तुम्ही? मला काय राहिलंय त्याचं? फोटो? फोटोत तो दात काढून हसतोय, तसा तो कधी हसायचा नाही. तेवढं एक ताट होतं माझ्याकडं!"

ऋजुताला आधी काही कळलं नाही. मग शालनच्या तोंडून तुटक तुटक सगळं बाहेर पडलं. वाढदिवस, केक, चौक. ऐकून ऋजुता हादरली. पण तीही काही कमी नव्हती.

"त्या ताटासाठी एका जित्या पोरीला तुम्ही रोज विष घालणार?"

"विष? गोड बोलते मी तिच्याशी!"

"त्यातूनच घालताय!"

"ए बाई," शालन एकेक शब्द चावत म्हणाली, "तुझं लेकरू जाऊ दे, मग मला शिकवायला ये."

हे बोलू नये ते ती बोलली. बोलल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं, पण शब्द मागं घ्यायची शालनला सवय नव्हती. ऋजुतानं मान फिरवली. मग टेबलावरची पट्टी पुढं सरकवत ती म्हणाली, "शेवटची चाचणी शुक्रवारी. मुलीबरोबर तुम्ही एकट्या असाल. येणार असाल तर पट्टी घेऊन जा."

शालननं पट्टी उचलली. अभ्यासिका गेली तर त्या पोरांनी जायचं कुठं? बसस्टँडजवळ कुठल्याशा कंपनीचं केंद्र नुकतंच निघालं होतं, तिथं पोरांना खोक्यासारख्या खुर्च्यांत बसवून कानाला यंत्र लावायचे. तिथं आपली पोरं जाणार, या विचारानंच तिचा जीव कळवळला. आणि पास व्हायचं, तर सुहास आणखी पुसट होणार. तिला इकडं आड, तिकडं विहीर झालं होतं.

त्यात पूनम आली.

आपल्या मुलाची रेघ बघायचा आईबापांना हक्क होता. पूनमला ती फोनवर आली होती. कारखान्यातून ती तशीच आली, केसांत सुताची कातरं अडकलेली. पोरं अंगणात खेळत होती. दारातच ती म्हणाली, "आत्या, हे काय आहे?" सासूला ती आत्या म्हणायची.

"मशीन आहे. चुकतंय कधीकधी."

"मशीन चुकत नाही. मीच चुकले." पूनमचा आवाज कापत होता, भीतीनं नव्हे. "मला वाटलं, माझ्यावर राग आहे तो आहे, पोरीला तरी लावून घेतलं असेल. ती घरी येऊन काय सांगते ठाऊक आहे? ताई माझ्याशी सगळ्यांपेक्षा चांगलं बोलतात. अभिमानानं सांगते, आत्या!"

"मग झालं तर. तक्रार कसली आहे?"

"तुमचा राग माझ्यावर काढा. मी तुमचा लेक घर सोडून नेला, मला शिव्या द्या, मी ऐकून घेईन. पण तिच्यावर कशाला?"

"तुझ्यावर नाही माझा राग," शालन म्हणाली, आणि ते खरं होतं. "तू नेलास, पण तू आणूनही बसवलास ताटावर. उठवला तिनं."

पूनमनं चेहऱ्यावरून हात फिरवला. "अस्सं," ती म्हणाली. "शुक्रवारी जर रेघ तांबडी निघाली ना, तर पोरगी तर काढून नेईनच. पण का काढली, तेही दारोदार सांगीन. मग बघू तुमच्याकडं कोण पोरं पाठवतंय."

शुक्रवारी मुमताजनं बाकीच्या पोरांना मैदानावर नेलं. ऋजुता बाहेर कट्ट्यावर हातातला पडदा घेऊन बसली. तिला आतलं काही ऐकू येणार नव्हतं, दिसणार होती ती फक्त रेघ. पूनम रस्त्याच्या पलीकडं उभी होती. आत सतरंजीवर समोरासमोर शालन आणि प्रांजल.

नऊ वर्षांची पोर. बारीक अंगकाठी, दोन वेण्या. आणि हनुवटीवर सुहासची खळी, जी शालननं इतक्या वर्षांत बघायचं टाळलं होतं.

"कशी आहेस, बाळा?" शालन म्हणाली. पट्टी थरथरली. तिनं श्वास घेतला. "शाळेत काय शिकवलं आज?" पुन्हा थरथरली. खांदे पाडले, पोट सैल सोडलं, सगळं केलं. घसा म्हणून ऐकेना. शालनला कळून चुकलं की तोच सैल व्हायला तयार नाही. सैल झाला तर कोशिंबिरीसारखंच सगळं जाईल.

खिडकीतून ऋजुतानं हातानं खूण केली, वेळ आहे, सावकाश.

"ताई," प्रांजल म्हणाली, "एक विचारू? ती पट्टी माझ्याशी बोलतानाच का गुणगुणते? यश बोलला की नाही वाजत. सानिया बोलली की पण नाही. मी बघत असते."

पोरगी इतके दिवस ते मोजत बसली होती! शालनला काय वाटलं ते सांगता येणार नाही, पण साखरेचा तो मुलामा तिच्या जिभेवरून एकदम उतरला.

"ऐकायचंय तुला? मग ऐक," ती म्हणाली, आणि तिचा स्वतःचा आवाज, सुनेनं कधी न ऐकलेला, सुहासला तेवढा ठाऊक असलेला, भरड आणि संथ, आपोआप बाहेर आला. "मला तू डोळ्यांसमोर नको असतेस. तुझ्या तिसऱ्या वाढदिवसाला तुझा बाप माझ्या घरी जेवत होता. दोन घास झाले होते. तू केकसाठी रडलीस, म्हणून तो भरल्या ताटावरून उठला आणि मेला. माझा एकुलता एक लेक होता. तू त्या दिवशी गप्प बसली असतीस तर तो आज असता. तू लहान होतीस, तुझी चूक नाही, सगळं मला समजतं. पण समजून काय करू? तू दारातून आत येतेस आणि मला वाटतं, ही आली, तो नाही आला. रोज वाटतं. आज पण वाटलं."

ती बोलत गेली. काही म्हणजे काही पोटात ठेवलं नाही. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून सुहासचं एवढं बोलणं कधी निघालं नव्हतं. आणि बोलता बोलता तिला ते ताट लख्ख दिसलं. कोशिंबीर काकडीची होती, वर दाण्याचं कूट होतं. आमटीचा वास आला. घसा कधी मोकळा झाला तिला कळलंच नाही. पट्टी गप्प झाली होती.

बाहेर ऋजुता ताडकन उभी राहिली. तिच्या हातात रेघ पिवळी झाली, पोपटी झाली, आणि मग अशी हिरवीगार झाली, की तिनं आजवर तसली रेघ बघितली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं रस्त्यापलीकडं पूनमला हात हलवून खुणावलं, या, या, जमलं!

आत प्रांजल मांडी घालून तशीच बसली होती. ती रडली नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पप्पांचं. केकचं. सगळ्यांनाच माहीत आहे. वाड्यातल्या काकी म्हणतात, शाळेत पण एकदा एक जण म्हणाली, हिनं बापाला खाल्लं. आई वाढदिवस करत नाही माझा." तिनं सतरंजीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळला. "मला वाटायचं, केक मीच मागितला हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही एकट्याच माझ्याशी गोड बोलायचा. म्हणून मी पण तुम्हाला कधी सांगितलं नाही. कळलं तर तुम्हीपण तशाच बोलाल, म्हणून."

शालनचा हात पुढं गेला. तो पोरीच्या खांद्याला लागला, पहिल्यांदा. पोरगी मागं सरकली. झटकन नाही, अगदी बेतानं, परक्या बाईचा धक्का लागू नये म्हणून आपण सरकतो तशी.

"मी जाऊ?" तिनं विचारलं.

"थांब की गं. प्रांजल... अगं, ऐक तरी मेले..."

दार उघडलं. ऋजुता हसत आत आली, मागून पूनम. "बुगडताई, बघा तरी! शेवटपर्यंत हिरवी! सांगत नव्हते मी?" पूनमनं पडदा बघितला, सासूकडं बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती वाकून शालनच्या पाया पडली. तेवढ्यात प्रांजलनं दप्तर खांद्याला लावलं. जाताना तिनं दारात चपला घातल्या आणि आईचं बोट धरलं. शालन मागं धावली नाही. काय म्हणून धावणार होती?

परवाना आला. अभ्यासिका चालू राहिली, शिव्या चालू राहिल्या, मुमताजचा उपमा चालू राहिला. पुढच्या वर्षी नव्या तायांची तुकडी बसली तेव्हा ऋजुतानं शालनला मानानं बोलावून घेतलं. पुढच्या खुर्चीवर बसवलं, शाल दिली. पडद्यावर ती रेघ दाखवली. लालभडक सुरुवात आणि मग शेवटचा तो हिरवा पट्टा. जिल्ह्यात आजवर कुणाचीच रेघ एवढी हिरवी निघाली नव्हती, असं तिनं सांगितलं. सभागृहात टाळ्या झाल्या.

"यापेक्षा मोकळा घसा मी बघितलेला नाही," ऋजुता म्हणाली. "बोलायला शिकायचं तर असं बोलायला शिका."

एका तरुण ताईनं हात वर केला. "बुगडताई, त्या वेळी तुम्ही त्या मुलीशी नेमकं काय बोललात, सांगाल का? आम्हाला पण तसंच बोलायचंय."

शालन उभी राहिली. सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या, एकीनं तर लिहून घ्यायला पेन काढलं होतं.

"खरं बोलले," शालन म्हणाली.

टाळ्या पुन्हा वाजल्या. "आणि ती मुलगी?" त्या ताईनं कौतुकानं विचारलं. "आता तर तुम्हाला सोडतच नसेल?"

"बसस्टँडजवळच्या केंद्रात जाते," शालन म्हणाली. "माझ्याकडं येत नाही."